अंडीखोलीची खुर्ची

नवापूर
१२ जानेवारी २०२५

चि. काजल,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहिते. आमच्या घरात फोन एकच, तो तुझ्या दाजींचा, आणि तुझा तर डोंगरात लागतच नाही. मावशी सांगत होती की तू आता मोलगीला कुठल्याशा गटाबरोबर जीपमधून फिरतेस आणि बायकांना पाळीच्या कापडांचं सांगतेस. फोटो स्टुडिओ सोडलास वाटतं. त्याआधी साड्यांचं दुकानही सोडलंस. असो, तो विषय नाही.

मी वर्षभर इथल्या एका पोल्ट्रीत कामाला जाते. अंडी उचलायची, पुसायची, ट्रेमध्ये लावायची. ही खायची अंडी नव्हेत, पिल्लांची. त्यामुळे रोगाची फार भीती. रोज सकाळी गेटवर चप्पल, बांगड्या, डोक्याची पिनसुद्धा काढून ठेवायची, आतल्या न्हाणीत डोक्यावरून अंघोळ करायची आणि पलीकडच्या दारानं त्यांचे निळे कपडे घालून बाहेर पडायचं. कोंबडीला सर्दी होऊ नये म्हणून आम्ही बारा महिने ओल्या केसांनी फिरतो. बाहेरचं काही म्हणजे काही आत न्यायचं नाही. पॅडसुद्धा नाही. सुंदरबाई म्हणून माझ्या जोडीची बाई आहे, तिनं एकदा साहेबाला विचारलं, निदान बंद पाकीट तरी आत ठेवू द्या. साहेब नुसता हसला आणि फोनवर बोलायला लागला. म्हणून पाळीचे तीन-चार दिवस आम्ही सगळ्याच खाडा करतो.

आता ऐक. अंडीखोलीची मुकादम बाई जूनअखेर काम सोडतेय. फेब्रुवारी ते जून जिचा एकही खाडा नाही, तिला ती जागा देणार आहेत. अख्ख्या पोल्ट्रीत बाईला बसायला खुर्ची आहे ती फक्त तिथं. टेबल, वही, वहीवर आपली सही. मला ती खुर्ची हवी आहे, काजल. लग्नानंतर मला स्वतःला काही हवंय असं पहिल्यांदाच झालंय.

तुमच्याकडे धुऊन परत वापरायचं काहीबाही असतं म्हणतात. त्यातलं मला काय चालेल ते सांग. पत्र घरी पाठवू नकोस, सासूबाई शेजाऱ्यांकडून वाचून घेतात. बाजारात चांदनीचं कापडाचं दुकान आहे, ती माझी मैत्रीण, तिच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
ममताताई


मोलगी
२१ जानेवारी

ममताताई,

पत्र! मला! शाळा सुटल्यापासून मला कुणी पत्र लिहिलेलं नाही. पोस्टमनदादानं माझं नाव मोठ्यानं वाचलं तेव्हा सगळ्या चहावाल्यांनी माना वळवल्या. मी ते पत्र दिवसभर खिशात घालून फिरले.

इथं भारी आहे गं. जीपमध्ये आत पंधरा, टपावर दहा आणि मागे लोंबकळणारे मोजायचेच नाहीत. परवा माझ्या मांडीवर एक बकरी बसवली होती, उतरेपर्यंत तिनं माझी ओढणी अर्धी खाल्ली. ड्रायव्हर भीमसिंग म्हणतो, "बस करो अब, दुसरी सवारी को भी चखने दो!" आणि इथली भगर तू खाऊन बघ, वाण्याच्या दुकानातली विसरशील. मी तुला पाठवणार होते, पण कशात बांधू ते सुचेना.

हां, तुझं काम. आमच्या पेटीत दोन चिजा असतात. एक कापडी पॅड. गोधडीसारखं शिवलेलं, खाली बटण, धुवायचं, उन्हात वाळवायचं, दोन-तीन वर्षं चालतं. दुसरा कप. रबरासारखा मऊ, उलट्या घंटीसारखा, दुमडून आत सरकवायचा, तो आत उघडतो आणि सगळं त्यात जमा होतं. सकाळी घातला की संध्याकाळपर्यंत बघायला नको. आमच्या सोनीबाई सिस्टर गावोगाव समजावतात आणि मी बाजूला हे हातात धरून उभी असते. त्या जरा लांबण लावतात, त्यामुळे मला अर्धंच ऐकू येतं, पण कळतं सगळं.

मी स्वतः दोन वर्षं कप वापरतेय. काही नाही गं, सोपं आहे.

तरी तू आधी कापडी घे. चार पाठवते, फुलाफुलांची. बघ जमतं का.

तुझी काजल

आणि खुर्ची मिळाली की मी येऊन त्यात बसणार. दोन मिनिटं तरी.


नवापूर
५ फेब्रुवारी

चि. काजल,

पॅड मिळाली. गेल्या पाळीला वापरून पाहिली. मोजणी फेब्रुवारीपासून म्हणून बरं, नाहीतर तिथंच संपलं होतं.

कापड चांगलं आहे, खुपत नाही. पण न्हाणीच्या अलीकडे सगळं उतरवावंच लागतं, आणि गेटवरची बाई म्हणते, कापड तर पॅडहून वाईट, त्यात घरचे जंतू. मी परत आले. एक दिवस गेला.

घरी मात्र वेगळीच गंमत. गच्चीवर वाळत घातलेली सासूबाईंनी पाहिली. मी म्हटलं आता ऐकावं लागणार. तर त्या एक पॅड हातात घेऊन उलटसुलट करतात. "हाई ते भारी शे वं! आम्ही लुगडाना फडका घडी करीसन ठेवूत, अन् वाळाले लुगडानाच खाले घालूत. कोन्ही पाह्यं ते!" मग स्वतःच चिमटे लावून दिले, उन्हात, सगळ्या आळीसमोर. त्यामुळे घरच्यासाठी हीच ठेवते. सुट्टीच्या दिवशी, झोपताना. शेडसाठी कपच लागेल. अंगाच्या आत काय आहे ते गेटवर कोण बघतो?

पण घालण्याआधी मला एक नीट विचारून सांग. कप कुणाला चालत नाही असं काही असतं का? एखाद्या बाईला आतून काही त्रास असेल, काही केलेलं असेल, काही बसवलेलं असेल, तर? मला तसं काही नाही. शेडवरच्या बायका विचारतील म्हणून. सिस्टरलाच विचार, तुझ्या मनानं सांगू नकोस.

सासूबाईंना गूळ सोडून दोन वर्षं झाली. भाग्येशला भाऊ किंवा बहीण होईपर्यंत खाणार नाहीत. चहासुद्धा कोरा, बिनगोडाचा. मला समोर बसून तो बघवत नाही.

ममताताई


मोलगी
१४ फेब्रुवारी

ममताताई,

कप पाठवतेय. जांभळा होता तो मुद्दाम निवडला. डबीत आहे. पहिल्यांदा पाच मिनिटं उकळून घे, वेगळ्या भांड्यात. मग इंग्रजी सी होईल असा दुमड आणि उकिडवी बसून आत सरकव. काढताना खाली बारीक दांडी आहे, ती ओढली की येतो. धू आणि परत घाल. झालं. घाबरशील तितकं कठीण होईल, म्हणून घाबरू नकोस.

तुझा प्रश्न सोनीबाई सिस्टरना विचारणारच होते, पण त्या धडगावला गेल्यात. पाच मार्चला आमचं सगळ्या मुलींचं शिबिर आहे, तेव्हा त्या अख्खा दिवस शिकवणार. तेव्हा नक्की विचारते आणि लगेच लिहिते. शप्पथ. तोवर तू सुरू कर, पाळी काय शिबिरासाठी थांबत नाही.

काल एका पाड्यावर गेलो होतो. एवढी चढण की भीमसिंगनं अर्ध्यात गाडी सोडली. वर एक म्हातारी, तिच्या पायात चांदीची कडी, ही जाड. मी म्हटलं आजी, चालताना जड नाही होत? ती पावरी बोलीत काहीतरी म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या. नंतर कळलं, ती म्हणत होती, ही पोरगी बिनओझ्याची आहे म्हणून वाऱ्यानं उडत इथवर आली. खरंच आहे ना?

तुझी काजल


नवापूर
३० मार्च

चि. काजल,

महिना झाला, तुझं पत्र नाही. चांदनीच्या दुकानावर इतक्यांदा गेले की तिचे सासरे धर्मचंदशेठ म्हणाले, "बेटा, साडी लेनी है के डाकघर समझ लिया?"

फेब्रुवारीत मला थांबता येत नव्हतं, म्हणून घातला. पहिल्या दिवशी न्हाणीत बसून रडले. दुसऱ्या दिवशी जमलं. तिसऱ्या दिवशी मी शेडमध्ये चालता चालता विसरूनच गेले की मला पाळी आहे. काजल, अठरा वर्षांत असं झालं नव्हतं. मार्चलाही तसंच. दोन महिने, एक खाडा नाही.

सुंदरबाईनं ओळखलं. "तुनी पाळी कुठे पळी गई वं?" मग तिलाही सांगितलं. इथल्या औषधाच्या दुकानात तिनं कप मागवून घेतला. माझ्याच भांड्यात उकळला. आता तिचाही खाडा नाही. तू म्हणशील, स्वतःच्या खुर्चीला वाटेकरी कशाला? पण ती बाजूला उभी राहून पोट धरते ते मला बघवत नव्हतं.

शिबिरात तू विचारणार होतीस. तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे काही नसणार असं मी धरून चाललेय. बरोबर ना?

ममताताई


खांडबारा
११ एप्रिल

ममताताई,

रागावू नकोस. मी मोलगीला नाही, खांडबाऱ्यात आहे, स्टेशनच्या बाकावर बसून लिहितेय. होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो ना, तिकडं गेले ती गेलेच. ढोल बघ एकेक, दोन माणसांनी उचलायचा! मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, भोपळे, आणि बासऱ्या तर विचारू नकोस. एका गावाहून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. मग एका ओळखीच्या मुलीचं लग्न होतं म्हणून इकडं. गटातल्या ताई चिडल्यात, पण घेतील परत.

हो, हो, शिबिरात विचारलं मी. सगळं ठीक आहे. तू बिनधास्त वापर. दोन महिने काही झालं नाही म्हणजे काय व्हायचंय?

सुंदरबाईला शिकवलंस ते तूच करू जाणे. मी असते तर खुर्चीत बसल्यावर शिकवलं असतं.

गाडी आली वाटतं. नाही, मालगाडी आहे.

तुझी काजल


नवापूर
२२ मे

चि. काजल,

तुझं उत्तर मिळालं आणि छातीवरचा दगड उतरला. का ते विचारू नकोस.

चार महिने झाले. आता जून तेवढा राहिला. साहेब परवा शेडमध्ये माझ्यापाशी थांबून म्हणाले, "ममताबाई, अक्षर कसं आहे तुमचं?" मी म्हटलं, वाचता येतं. सुंदरबाई म्हणते, झालं, तुझं नाव पक्कं.

मंगळवारी मात्र जिवावर आलं होतं. न्हाणीत कप काढायला गेले तर येईना. बाहेर रांग, गेटवरची बाई दार वाजवतेय, "निघा, निघा, पाणी संपेल." घामानं हात निसटत होते. शेवटी दांडी धरून जोरात ओढला. आतून असं काही ओढलं गेलं की डोळ्यांपुढं काजवे. सगळं तसंच मोरीत ओतलं, वर बादलीभर पाणी टाकलं, धुतला, परत घातला आणि गेले. दोन दिवस ओटीपोट दुखलं, आता बरी आहे. तुझंही असं कधी होतं का? दोन वर्षांत झालं असेलच.

खुर्चीवर लाकडी पाट आहे, उशी नाही. मी घरी एक शिवायला घेतलीय.

ममताताई


नवापूर
४ ऑगस्ट

चि. काजल,

मे महिन्यातल्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. मीही लिहिलं नाही. आता लिहिते, कारण सांगायला दुसरं कुणी नाही.

जूनमध्ये पाळी आलीच नाही. मला वाटलं, देवानंच खाड्याची भीती काढून घेतली. पाच महिने पूर्ण केले. एक जुलैला साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी अंडीखोलीत गेले, खुर्चीत बसले. शिवलेली उशी खाली होती. आठ दिवस बसले, काजल.

तिथं अंड्यांना औषधाचा धूर देतात, जंतू मरावेत म्हणून. डोळे चुरचुरतात. नवव्या दिवशी मला टेबलावरच ओकारी झाली आणि मी पडले. घरी निरोप गेला, सासूबाई रिक्षा करून आल्या, आणि आम्ही दवाखान्यात गेलो. म्हणजे मला दिवस गेल्याचं कळलं त्याच क्षणी त्यांनाही कळलं. विचार करायला मला एक दिवस मिळाला नाही.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. भाग्येशच्या वेळेनंतर मी तांबी बसवून घेतली होती. घरात कुणाला माहीत नव्हतं, तुझ्या दाजींनाही नाही. तुला सांगितलं असतं तर मावशीला कळलं असतं, आणि मावशीला कळलं की सारंगखेड्यापर्यंत गेलं. म्हणून मी शेडवरच्या बायकांचं नाव पुढं करून विचारलं होतं. प्रश्न माझाच होता.

तिथल्या नर्सनं तपासलं, दोरा सापडेना, सोनोग्राफी झाली. तांबी नाही. सासूबाईंच्या समोरच विचारलं, "तांबी बसवली होती ना तुम्ही? कप वापरता का? जोरात ओढलात कधी?" मला तो मंगळवार आठवला. मोरीत ओतताना मी बघितलंसुद्धा नव्हतं. नर्स म्हणाली, "कप देणाऱ्या बाईनं सांगितलं नाही? तांबी असली तर आधी दाखवून घ्यायचं असतं." मी म्हटलं, तिला माहीत नसेल, लहान आहे ती.

घरी आल्यावर सासूबाईंनी दार लावलं आणि म्हणाल्या, "काबर नही सांगं वं माले? मी काय वाघीण शे का?" मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या रडल्या. दाजींना अजूनही सांगितलेलं नाही त्यांनी. ते पेढे वाटत फिरले.

धुरात गरोदर बाईला बसवत नाहीत, ते बरोबरच आहे. जागा सुंदरबाईला दिली. तिचाही पाच महिन्यांत खाडा नव्हता. ती घरी येऊन पायाशी बसली, "ताई, माले नको ती खुर्ची, मी नही सांगी देस." मी म्हटलं, वेडी आहेस का, बस तिथं. उशी तिलाच दिली.

मूल येईल ते माझंच असेल, त्याला मी कमी करणार नाही. पण ते मी बोलावलेलं नाही. एवढं एकदा कुणाला तरी लिहायचं होतं.

ममताताई


मोलगी
९ सप्टेंबर

ममताताई,

तुझं पत्र येऊन महिना झाला. रोज लिहायला बसते आणि उठते. आज उठायचं नाही असं ठरवून बसलेय. दार आतून लावलंय.

तू नर्सला म्हणालीस, तिला माहीत नसेल. ताई, मला माहीत होतं.

पाच मार्चच्या शिबिरात सोनीबाई सिस्टरनी तेच सांगितलं होतं. मी दुसऱ्या दिवशी तुला पत्रही लिहिलं. पाकिटावर चांदनीचा पत्ता घातला, तिकीट लावलं. पोस्टाकडे निघाले तर भीमसिंगची जीप उभी, भोंगऱ्याला चालली होती, ढोल वर बांधलेले. मी म्हटलं, परतताना टाकते. पाकीट पिशवीत ठेवलं आणि चढले.

ते मला एप्रिलमध्ये खांडबाऱ्याला सापडलं. पिशवीच्या तळाशी, वर गूळ-शेंगदाणे सांडून चिकटलेलं. मी वाचलं. वाटलं, आता यातल्या बातम्या शिळ्या झाल्या, नवं लिहावं. पत्राच्या तळाशी जे होतं तेही वाचलं. मनात आलं, हे तर तिच्या शेडवरच्या बायकांचं आहे, तिचं नाही, आणि दोन महिने तर ठीक चाललंय. म्हणून लिहिलं, सगळं ठीक आहे. तू सिस्टरला विचारून सांग म्हणाली होतीस. मी विचारलं होतं आणि तरी माझ्या मनानंच सांगितलं.

मेमधलं तुझं पत्र मला जूनअखेर मिळालं, कारण मी तोवर इथं नव्हतेच. तू विचारलं होतंस, तुझंही असं कधी होतं का. त्याला उत्तर द्यायचं म्हणजे दुसरं खोटं उघडं पडणार होतं. मी कप कधीच वापरलेला नाही. एकदा डबीतून काढला, बघितला आणि परत ठेवला. मला भीती वाटली. बायकांसमोर "मी दोन वर्षं वापरतेय" म्हटलं की त्या पटकन विश्वास ठेवतात, म्हणून सवय लागली. दांडी ओढली की येतो हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. दांडी दिसली म्हणून मी ठरवलं.

आता मी गावात गेले की आधी हेच सांगते, बाकी सगळं नंतर. तांबी असेल तर मला येऊन कानात सांगा, घरचं कुणी ऐकणार नाही. परवा एका पाड्यावर तिघी आल्या. तिघींचं घरी माहीत नव्हतं. मी त्यांना सिस्टरकडे नेलं. मग जीपमध्ये बसून मला तुझं "काही बसवलेलं असेल, तर?" आठवत राहिलं. इतकं स्पष्ट लिहिलं होतंस तू.

ते पत्र सोबत पाठवतेय. फाडणार होते. पण ते तुझं आहे.

काजल


(सोबतचं पत्र)

मोलगी
६ मार्च

ममताताई,

बघ, शब्द पाळते की नाही! शिबिर काल झालं आणि आज पत्र. अख्खा दिवस मांडी घालून बसायचं म्हणजे काय, पाय झोपले, मी झोपले, सिस्टरनी खडू मारला. जेवायला मात्र भगर आणि आमसुलाची कढी होती.

सोनीबाई सिस्टरनी कपाचा एक मोठा चिखलाचा नमुना केला होता. एका पोरीला वाटलं ते मडकं आहे, तिनं त्यात पाणी ओतलं. सगळं विरघळून सिस्टरच्या पातळावर. इतक्या हसलो, इतक्या हसलो!

इथं सगळीकडे भोंगऱ्याची तयारी चाललीय. रस्त्यानं ढोल घेऊन लोक उतरतायत. मला एका मुलीनं घुंगरं बांधून दिली, मी अर्धा बाजार तशीच फिरले. तू असतीस तर तुलाही बांधली असती, पोल्ट्रीच्या गेटवर काढून ठेवली असतीस.

आता हे पत्र आधी पोस्टात टाकते, मग बाकीचं.

तुझी काजल

ता. क. – राहिलंच होतं. तू विचारलं होतंस ते. सिस्टर म्हणाल्या, जिला तांबी बसवलीय तिनं नर्सला दाखवल्याशिवाय कप घालायचा नाही, ओढताना तांबी निघून येऊ शकते. आणि काढताना दांडी ओढायची नसते म्हणे, तळाशी चिमटून हवा सोडायची, मग काढायचा. मी तुला चुकीचं सांगितलं होतं. तुझ्या शेडवर कुणाला तांबी असेल तर सांग हं तिला. तुला काय त्याचं, तुला तर नाहीच.


नवापूर
२६ ऑक्टोबर

काजल,

पत्र मिळालं, दोन्ही मिळाली. ता. क. मी तीनदा वाचला. चांदनीच्या दुकानातच वाचला, उभ्यानं. तिनं स्टूल पुढं केलं तरी बसवेना.

तू विचारलेलं नाहीस, पण सांगते. हे पत्र मार्चमध्ये आलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी नर्सकडे गेले असते. त्यामुळे "जाऊ दे, झालं ते झालं" असं मला लिहिता येत नाही. पुढं कधी येईल, आज येत नाही. मीही प्रश्न दुसऱ्यांच्या नावानं विचारला. माझा म्हणून विचारला असता तर तू एप्रिलमध्ये ते परत पाकिटात घातलं नसतंस, हेही मला माहीत आहे. दोन्ही माहीत असून झोप लागत नाही.

सहावा महिना लागलाय आता. बरी आहे. सुंदरबाई खुर्चीत बसते, पण अजून अंग चोरून, जणू कुणी उठवायला येणार आहे. तिनं साहेबांकडून न्हाणीच्या पलीकडं एक खुंटी मारून घेतली, बायकांना धुतलेला कप डबीत टांगून ठेवायला. सात डब्या लटकतात आता तिथं. त्यात जांभळ्या कपाची नाही. ती घरी कपाटावर आहे. बाळंतपणानंतर मला काय चालेल ते या वेळी मी नर्सलाच विचारीन.

तुझ्या त्या तिघींचं वाचलं. कानात ऐकलेलं तिथंच ठेवत जा.

दिवाळीत सासूबाईंनी गुळाच्या पापड्या केल्या. सगळ्या आळीत वाटल्या. स्वतः तोंडात घातली नाही. मी म्हटलं, आता खा की, तुमचं मागणं पुरं होतंय. त्यांनी ताट माझ्यापुढं सरकवलं. मला एक तुकडासुद्धा गिळेना. त्या बघत होत्या. मग ताट उचलून फडताळात ठेवलं आणि म्हणाल्या, "जवय तुले गोड लागी, तवय मीबी खासू."

ते ताट अजून तिथंच आहे.

ममता